गायीच्या लसीत माणूस

गुरुवारी दुपारी स्क्रीनवर निकाल आला: शून्य. एकही तुकडा पास नाही. डायरेक्टर सर दारातूनच म्हणाले, "सोमवारी रिव्ह्यू आहे मॅडम. हातात काही नसेल तर प्रोजेक्ट बंद."

रामदासपेठेतल्या आमच्या लॅबमध्ये आम्ही गुरांच्या घटसर्पावर नवी लस शोधत होतो. या रोगात गायीचा गळा सुजतो आणि जनावर बघता बघता जातं. जुनी लस आहे, पण तिचा असर फार टिकत नाही. आमचं काम सांगायला सोपं: रोगजंतूचे सगळे जीन्स कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि त्याच्या अंगावर बाहेरून दिसणारी प्रोटीन्स निवडायची. मग त्यांचे कोणते तुकडे शरीराच्या पेशी उचलून संरक्षक पेशींना दाखवतील, याचा अंदाज सॉफ्टवेअर देतं. जो तुकडा पेशी उचलणारच नाहीत, तो लसीत बिनकामाचा.

आमचे व्हेटरनरी डॉक्टर वानखेडे गावोगाव फिरून गायींचं रक्त गोळा करायचे. संध्याकाळी ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"सॉफ्टवेअरमधी कोणती गाय धरली जी मॅडम? गवळाऊ का जर्सी? आपल्याकडे गावरान गवळाऊच जास्त."

"थांबा, दाखवते," म्हणून मी सेटिंग उघडलं. प्राण्याच्या रकान्यात लिहिलं होतं: ह्यूमन. सॉफ्टवेअर उघडलं की आपोआप तेच येतं, आणि मी बाई दोन महिने ते बदललंच नव्हतं! प्रत्येक प्राण्याच्या पेशी वेगळे तुकडे उचलतात, हे मीच पोरांना शिकवते.

वानखेडे पोट धरून हसले. "म्हणजे आपण माणसाले गायीची लस टोचून राहिलो होतो काय? अन् मी उगाच गायींच्या लाथा खाल्ल्या!"

मला रडू येत होतं आणि हसूही. रकान्यात गाय निवडली आणि पुन्हा रन लावला. शुक्रवारी सकाळी सात तुकडे पास. मी खुर्चीतून ओरडलेच, सर धावत आले. त्या दिवशीचे झणझणीत रश्श्याचे तर्री पोहे माझ्याकडून.

सोमवारी प्रोजेक्ट बंद होता होता वाचला. पुढे त्याच तुकड्यांची लस वासरांना दिली, त्यांचं रक्त तपासलं आणि प्लेटमध्ये पिवळा रंग चढला. म्हणजे शरीरानं लस ओळखली होती. वानखेड्यांनी चक्क मला टाळी दिली.

मग त्यांनी माझ्या मॉनिटरवर एका गवळाऊ गायीचा फोटो चिकटवला. खाली लिहिलं: 'पेशंट'. तो मी अजून काढलेला नाही. आता सॉफ्टवेअर सुरू करताना मी आधी तिच्याकडे बघते, मग रकान्याकडे.