कुंपणावरचा वेल आणि मामांची जीभ

माझे मामा जिभेनं शुगर मोजायचे. त्यातच ते गेले.

आज त्यांचा स्मृतिदिन.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शिरूरला हायस्कूलवर विज्ञान शिकवायचे. मामा दौंडला रेल्वेत, रूळ सांभाळणाऱ्या गँगचे मुकादम. कॉलनीतल्या क्वार्टरच्या तारेच्या कुंपणावर त्यांनी गुडमारचा वेल चढवला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे पान चावलं की बराच वेळ जिभेला गोड कळत नाही. फक्त गोड. तिखट, खारट सगळं जागेवर.

कुणीही घरी आलं की मामा आधी पान द्यायचे, मग चमचाभर साखर. एका सुट्टीत मलाही दिली.

"काय लागतंय?"

"वाळू," मी म्हणाले. खरंच वाळू होती. दातांखाली करकरत होती.

मामा हसले. "मेली का न्हाई? जिभंवरच मेली, तर रक्तात कुठनं जिती ऱ्हाईल?"

डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या. रोज सकाळी पान, मग साखर. वाळू लागली की रिपोर्ट नॉर्मल.

मी वर्गातला आवाज काढला.

"मामा, पानात गुण आहे, त्यावर संशोधन चालू आहे. पण ते गोळ्या सोडून नाही. जीभ बधिर झाली म्हणून रक्त साफ होत नाही. साखर वाढली की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो. रुळाला गंज चढावा तसं आतून होतं. नसा, डोळे, किडनी, सगळीकडे."

"ज्या रुळावरनं रोज गाडी जाती, तो गंजत न्हाई," मामा म्हणाले. "आन् मी रोज चालतो, मास्तरीणबाई."

मामी मला मागच्या दारी घेऊन गेली.

मोरीपाशी काळ्या मुंग्यांची रांग होती.

"हे मोरीत जाऊन आले की येत्यात. रोज हळद टाकते. हळद ओलांडून येत्यात."

लघवीतून साखर जात होती. मामांना तसं स्पष्ट सांगितलं.

"मुंग्यांचं काय ऐकतीस, शालन. त्या कशालाबी येत्यात."

पुढच्या सुट्टीत गेले, तेव्हा रांग मोरीकडे नव्हती.

स्वयंपाकघर ओलांडून ती पुढच्या दाराआड गेली होती. मामांच्या ड्यूटीच्या बुटांकडे.

फक्त उजव्या बुटात शिरत होती.

बूट उपडा केला. खडीचा टोकदार तुकडा फरशीवर पडला. त्याला रक्त वाळून चिकटलं होतं.

मामा समोरच बशीतून चहा पीत होते.

"पाय दाखवा."

तळव्याला भोक होतं. आत काळं पडलं होतं.

"दुखत नाही?"

"काय दुखायचं? काय झालंय तिथं?"

त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसं.

पुण्याला नेलं. पाय कापायचं ठरलं, पण विष अंगात पसरलं होतं.

वॉर्डात पान नव्हतं.

दुपारी मी पाण्याचा ग्लास त्यांच्या ओठाला लावला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड फिरवलं. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"शालन, पाणी गोड लागतंय."

"साधं पाणी आहे, मामा."

"न्हाई. आली परत. पान आण."

मी त्यांच्यासमोर त्याच ग्लासातून घोट घेतला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मग कुणालाच पाणी पाजू दिलं नाही.

संध्याकाळी गेले.

मामी सामान आवरत होती. अर्धा भरलेला ग्लास स्टुलावर तसाच होता. तिनं उचलला आणि परत खाली ठेवला.

"शालन, हिकडं ये."

ग्लासाच्या काठावर मुंग्या बसल्या होत्या. सगळ्या काठाला, गोल. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर.

क्वार्टर सोडताना मामीनं वेल मुळापासून उपटला. कुणालाही फांदी दिली नाही. मागितली बऱ्याच जणांनी.

ज्यांना शुगर आहे त्यांनी रक्त तपासून घ्या. पान खा, नका खाऊ, डॉक्टरांना विचारा. जिभेला विचारू नका.

मामा, तो घोट मी घेतला होता. पाणी साधंच होतं.

इतकी वर्षं सगळ्यांना मी हेच सांगत आलेय.

जय भीम, मामा.