शमीमचाचीची सही

शमीमचाचीने माझं ड्रॉइंगचं शीट उजेडात धरून सावकाश पाहिलं आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाली, "मस्त काढलंस गो. बघूया हां." मग शीटची नीट गुंडाळी करून माझ्या हातात दिली आणि घावनं आणायला आत गेली. शीटच्या खालच्या कोपऱ्यातली 'क्लायंटची सही' ही चौकट तशीच कोरी राहिली.

हे २००१ सालचं. रत्नागिरीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा इंटिरियर डिझाइनचा वर्षभराचा डिप्लोमा चालायचा. वर्षाच्या शेवटी खऱ्या घरातली एक खोली घ्यायची, तिचं डिझाइन करायचं आणि घरमालकाची सही घेऊन शीट जमा करायचं. सही नाही तर सबमिशन नाही. सबमिशन नाही तर नापास. बाबांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं, "एक वर्ष तुझ्या मनासारखं. पास झालीस तर पुढे बघू, नाहीतर गुपचूप डी.एड." शनिवारी सबमिशन होतं आणि आज मंगळवार होता.

शमीमचाचीचं घर मिरकरवाड्यात, बंदराच्या वरच्या अंगाला. नवरा कुवेतला. ती आणि तिचे सासरे, ज्यांना ती बाबा म्हणायची, दोघंच घरात. सासरे जन्मभर जहाजावर होते. आता पायातलं बळ गेलं होतं. त्यांची माडीवरची खोली नव्याने करायची होती, आणि माझ्या मैत्रिणीच्या ओळखीने ती माझ्या वाट्याला आली.

आता थोडं आमच्या डिझाइनच्या प्रिन्सिपल्सबद्दल, म्हणजे तत्त्वांबद्दल. बॅलन्स म्हणजे खोलीच्या एका बाजूला जड वस्तू असेल तर दुसऱ्या बाजूलाही तोलाचं काहीतरी हवं. फोकल पॉइंट म्हणजे आत पाऊल टाकताच नजर जिथे ठरते ती जागा. ऱ्हिदम म्हणजे तोच आकार किंवा तोच रंग अंतराअंतराने पुन्हा दिसणं. हे सगळं वहीत मला तोंडपाठ होतं. खोलीत शिरले की मात्र काय कुठे लावायचं हेच कळेना. आम्हाला शिकवणारे घाटगे सर म्हणायचे, "डोळ्याला खटकलं की समजायचं बॅलन्स गेला." माझ्या डोळ्याला सगळंच खटकायचं, नाहीतर काहीच नाही.

या खोलीने मात्र माझं काम सोपं केलं होतं. पश्चिमेला एक मोठी खिडकी, आणि खिडकीत अख्खा समुद्र. मी पलंग बरोबर मधोमध घेतला, उशी पूर्वेच्या भिंतीला, पाय खिडकीकडे. दोन्ही बाजूंना सारखी कपाटं. म्हातारा माणूस सकाळी डोळे उघडेल तर समोर समुद्र! सरांनी कधी नव्हे ते शाबासकी दिली. "लई भारी. याला म्हणतात फोकल पॉइंट." सर कोल्हापूरचे, समुद्राचं त्यांना भारी कौतुक. घरी आईनेही शीट पाहिलं. तिला त्यातलं एवढंच कळलं की उशी पूर्वेला आहे. "चांगलं केलंस," ती म्हणाली. "पूर्वेला डोकं केव्हाही उत्तम."

म्हणजे सर खूश, आई खूश. अडलं होतं ते फक्त चाचीचं, आणि ती काय अडलंय ते सांगत नव्हती.

पहिल्यांदा ती "बघूया" म्हणाली तेव्हा मला वाटलं, रंग आवडला नसेल. मी फिका गुलाबी काढून मोतिया केला. चाची म्हणाली, "रंग ब्येस हाय. बघूया हां." मग मला वाटलं, खारा वारा. आमच्याकडे समुद्राच्या बाजूची खिडकी म्हणजे गजांना गंज आणि पावसाळ्यात अंथरूण ओलं. मी खिडकीला आतून लाकडी झडपा दाखवल्या. त्याचं उत्तर मघाशी सांगितलंच. घावनं मात्र दर वेळी मिळत होती, नारळाच्या रसात बुडवलेली. मी ती खात होते आणि रडकुंडीला येत होते.

बुधवारी सरांकडे गेले. सर म्हणाले, "क्लायंटला बॅलन्स कळत नसतो. आपण समजावायचा असतो."

तसा मी तो त्याच दुपारी समजावला. आजही आठवलं की लाज वाटते. एकवीस वर्षांची मी, आणि पंधरा वर्षं घर एकहाती सांभाळणाऱ्या बाईला सांगतेय, "चाची, पलंग मध्ये असला की दोन्ही बाजूंना वजन सारखं दिसतं बघा."

चाचीने सगळं ऐकून घेतलं. "येवडं सगळं शिकवतात काय गो तुमाला?" असं कौतुकाने विचारलं. आणि मग, "बघूया हां."

गुरुवारी मी शीट न बदलताच गेले. बदलायला काही उरलंच नव्हतं. सरळ पाय धरायचे आणि सही मागायची, असं ठरवलं होतं. चाची दारातच म्हणाली, "बरी आलीस. जरा माडीवर चल. बाबांना बसवायचंय, नमाजाचा वकत झाला. येक हात लाव."

आम्ही दोघींनी बाबांना खांद्याखाली धरून उठवलं. त्यांनी पाय खाली सोडले आणि ते खाटेच्या कडेला बसले. चाचीने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि ती बाजूला झाली. बाबांनी हात बांधले. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या हातातल्या शीटवर त्याच खिडकीकडे मी त्यांचे पाय केले होते. सकाळी उठून समुद्र दिसावा म्हणून.

नमाज पश्चिमेला तोंड करून पढतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? लहानपणापासून आमचे अर्धे शेजारी मुसलमान. पण ती माहिती डोक्यात एका डब्यात आणि डिझाइन दुसऱ्या डब्यात. दोन्ही झाकणं घट्ट. आणखी लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. मोजमापाच्या दिवशी बाबांची खाट मी पाहिली होती. उशी उत्तरेला, आणि खाट भिंतीला समांतर नाही, किंचित तिरकी. मला वाटलं, ओढताना वाकडी राहिली असेल. आहे तसं काढणं हा मोजमापाचा पहिला नियम. मी ती आपल्या मनाने सरळ करून काढली होती.

बाबांचं आटोपल्यावर मी चाचीला विचारलं, "चाची, पलंगाचे पाय तिकडे आहेत म्हणून सही देत नव्हता ना?"

चाची एकदम ओशाळली. "आता काय सांगू गो तुला? काब्याकडे पाय करून कसं झोपवू बाबांना? पन तू येवडी मेहनत केलीस. परत परत उन्हातून येतेस. तोंडावर कसं बोलायचं?"

"मग खाट कशी हवी?"

"ही हाय तशीच, तिरकी. काबा नीट खिडकीसमोर नाय, जरा उत्तरेकडं हाय. उजव्या कुशीला वळले की तोंड बराबर तिकडे जातं."

"पण मग त्यांना समुद्र दिसणार नाही नीट."

खाटेवर बसलेले बाबा हसले. "पोरी, चाळीस वर्सं दर्याच बघितला मी. आता त्यानं बघू दे माज्याकडं."

मला हसूही आलं आणि रडूही आलं. तिथेच जमिनीवर बसून मी खाट मोजली, तिरकी होती तशी. रात्रभर जागून नवं शीट काढलं. पलंग उत्तरेला उशी करून, जरासा तिरका. एक कपाट पार गेलं, दुसरं अरुंद झालं. बाबांना खाली पाय सोडून बसता यावं म्हणून खिडकीच्या बाजूला मोकळी जागा ठेवली आणि तिथे धरायला एक कठडा दिला. सकाळी आईने शीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "उत्तरेला डोकं? अगं, मेलेल्या माणसाला ठेवतात तसं!"

शुक्रवारी चाचीने शीट उघडलं. खिडकीपर्यंतही नेलं नाही. "पेन दे," म्हणाली.

शनिवारी सरांनी तेच शीट पाहिलं. "हे काय करून ठेवलंस? बॅलन्स कुठं गेला? पलंग वाकडा का?"

"क्लायंट तसेच झोपतात, सर."

"आणि फोकल पॉइंट?"

"खिडकीच आहे, सर. पण पायाशी नाही, उजव्या हाताला."

 बॅलन्सचे त्यांनी वीसपैकी चारच दिले. मी काठावर पास झाले. माझ्या बाबांनी डी.एड.चा फॉर्म न भरता परत कपाटात ठेवला.

खोली त्या शीटप्रमाणेच झाली. सुताराने पलंग तिरका ठेवताना मला दोनदा विचारलं, "ताई, नक्की ना?"

दीड-दोन वर्षांनी चाचीकडचे बाबा गेल्याचं कळलं. भेटायला गेले तेव्हा चाचीने माझा हात धरून मला शेजारी बसवलं. मग म्हणाली, "शेवटचा वकत आला की मानसाला किबल्याकडं, म्हंजे काब्याच्या दिशेला, वळवतात गो. किती घरांत त्या घाईत खाट फिरवायला चार मानसं लागतात. मी येकटीच होते. त्यांना नुसतं कुशीवर केलं."



आज माझं स्वतःचं ऑफिस आहे. प्रिन्सिपल्स खोटी नाहीत, मी रोज वापरते. पण क्लायंट "बघूया" म्हणाला की मी ड्रॉइंगला हात लावत नाही. त्याच्या घरी जाऊन तो कसा झोपतो, ते आधी विचारते.