फ्लॉपीची किरकिर

मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायचे. आम्ही पाच माणसं, दोन कॉम्प्युटर. मुलुंडच्या एका हॉस्पिटलला मी रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्रॅम करून दिला होता. रक्तगट टाकायचा की कोणाला बोलवायचं ती नावं यायची. मला तो झकास वाटत होता.

दोन महिन्यांनी तिथल्या सिस्टरांचा फोन आला. "बाई, तुमचं मशीन नावं काढेपर्यंत माझं रजिस्टर दोनदा चाळून होतं."

साहेब म्हणाले, "हार्ड डिस्कवालं मशीन घ्या म्हणून सांग त्यांना." ते हॉस्पिटलला झेपणारं नव्हतं. "आधी बघून तर येते," मी म्हटलं.

मुलुंडला गेले आणि सिस्टरांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. त्यांनी बी निगेटिव्ह टाकलं. फ्लॉपी किरकिरायला लागली ती थांबेचना. सिस्टरांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवत दोन नावं शोधली, कागदावर लिहिली. मशीनची किरकिर चालूच. माझे कान तापले.

त्या आवाजामुळेच मला माझी चूक कळली. रक्तगट बघायला माझा प्रोग्रॅम प्रत्येक दात्याची पूर्ण माहिती फ्लॉपीवरून उचलत होता. नाव, पत्ता, फोन, आजारपणं, सगळंच. आमच्या ऑफिसात मी वीसच नावांवर तपासलं होतं, तेव्हा हे दिसलंच नव्हतं. मशीन बिचारं मी सांगितलं तेवढं इमानदारीत करत होतं.

मरोळला परत येऊन चार दिवस मी वहीत आकडेमोड केली. रक्तगटाला एक अक्षर, शेवटच्या रक्तदानाच्या तारखेला एक आकडा आणि त्या दात्याची माहिती फ्लॉपीवर कुठे आहे त्याचा एक आकडा, एवढीच बारीक यादी वेगळी काढली. सकाळी मशीन चालू केलं की ती एकदाच मेमरीत जाऊन बसणार. शोध तिथेच लागणार, आणि फ्लॉपीकडे जायचं ते फक्त सापडलेल्या माणसांसाठी.

पुन्हा मुलुंड. सिस्टर रजिस्टर पुढ्यात घेऊनच बसल्या होत्या. "लावा," म्हणाल्या. मी कळ दाबली. फ्लॉपी दोनदा कुरकुरली आणि पडद्यावर नावं आली. रजिस्टरचं पहिलं पानसुद्धा उलटलं नव्हतं.

"झालं?"

"झालं."

"मला परत दाखवा." त्यांनी स्वतः सगळे गट एकेक करून टाकून पाहिले, आणि मग माझ्यासाठी चहा मागवला.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा ऑफिसात फोन आला. बाळंतपणात एका बाईला खूप रक्तस्राव झाला होता. यादीतला पहिलाच माणूस भांडुपहून रिक्षाने आला. "आई आणि मुलगी दोघी बऱ्या आहेत. म्हटलं तुम्हाला सांगावं." मी फोन ठेवला आणि साहेबांना सांगायला उठले.

घरी वडिलांना सांगितलं. ते गिरणीत मागावर होते, संपानंतर घरीच.

"म्हंजे मशीन नवीन घेतल्यानी?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, तेच."

"मगे तू केलंस काय?"

"त्याच्याकडून फुकटची मेहनत करून घेत होते, ती बंद केली."

 ते उठून गॅलरीत गेले, आणि शेजारच्या काकांना माझ्याबद्दल मोठ्याने सांगताना मी ऐकलं, "माझ्या चेडवान काय केल्यान, म्हायती आसा?"