टपालाने आलेलं अर्धं चित्र

मी चित्रकार आहे, हे आमच्या घरात फक्त मलाच माहीत आहे. (वारज्यात आमच्या सोसायटीत मला ‘ड्रॉइंगच्या क्लासवाले’ म्हणतात.)

मागच्या वर्षी नागपूरहून मेधाचं पाकीट आलं. मेधा माझी कॉलेजातली मैत्रीण, आता नावाजलेली चित्रकार. पाकीट तिनेच जुन्या साडीच्या तुकड्यांचं शिवलेलं. आत जाड हातकागदाचं कार्ड. अर्ध्यावर शाईचं ओथंबलेलं निळं आभाळ, अर्धं कोरं. मागे लिहिलेलं, ‘उरलेलं तू कर आणि परत पाठव. पुण्यातल्या प्रदर्शनात लावायचंय.’ सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट.

“कुणाची मुंज?” सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

“चित्र आहे ते. मला पूर्ण करायचंय.”

“मग करा की. नको कोण म्हणतंय?”

कोणीच म्हणत नव्हतं, तीच अडचण होती. मेधाच्या शेजारी आपलं काम लागणार या धास्तीने माझा हात उचलेना. पाऊस काढावा? फारच सोपा. पक्षी? शाळकरी. की कोरंच सोडावं? हा विचार मला इतका खोल वाटला की मी समाधानाने झोपलो. (दुपारी.)

उठलो, तर कार्ड ओट्यावर आणि त्याच्यावर फोडणीची कढली.

“अगं, हे काय केलंस?”

“ओट्याला डाग पडतात. कार्ड चांगलं जाड होतं.”

कढली उचलली. कोऱ्या भागावर काळंभोर कडं, भोवती हळदीच्या तेलाचा ओघळ, वर चिकटलेल्या मोहऱ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी कांदा चिरलेला होता, त्यामुळे तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मी तिच्याशी अबोला धरला. तिला तो शांतपणा आवडला असावा. शेवटी मेधाची माफी मागायची म्हणून कार्ड शोधायला गेलो, तर ते जागेवर नाही.

“ते होय? टाकलं पोस्टात. लावलेलं तिकीट वाया कशाला घालवायचं?”

पुढच्याच आठवड्यात मेधाचा फोन. “अरे, काय ग्रहण काढलंयस! तुझ्यात एवढं धाडस आहे असं कधी वाटलं नव्हतं.”

“सुनीताने केलंय ते,” मी म्हणालो. (प्रामाणिकपणाचा प्रश्न नव्हता, सुनीता शेजारीच उभी होती.)

“तरीच,” मेधा म्हणाली. “मग तिचंच नाव लावते.”

प्रदर्शनात त्या कार्डापुढे गर्दी होती. एका दाढीवाल्याने सुनीताला अदबीने विचारलं, “हा काळा रंग आपण कसा मिळवलात?”

“कढली घासायची राहिली होती.”

“केवढा साधेपणा,” तो पुटपुटला आणि मग माझ्याकडे वळला. “आपण?”

“यांचे मिस्टर.”

“अच्छा. आपणही काही करता?”

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात फोटो काढणारी मुलगी म्हणाली, “काका, जरा बाजूला व्हा ना, चित्र झाकलं जातंय.”

झालो. एवढं एक काम मला पहिल्यापासून उत्तम जमतं.