दुसऱ्या बाजूला काय होतं

शाळेत तिसरा तास चालू होता. वहिनींचा फोन दोनदा आला, मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा भाचीचा आला तेव्हा वर्गाबाहेर जाऊन घेतला. "आत्या, पप्पा गेले..." एवढंच ती म्हणाली. माझा थोरला भाऊ, मिलिंददादा, कार्ल्याच्या घरी ओट्यावर बसल्याजागी गेला. त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, दुःख हळूहळू निवतं. माझं अजून नीट सुरूच झालेलं नाही, कारण दरवेळी मध्ये राग आडवा येतो. थोडा त्याच्यावरचा, बराचसा माझ्यावरचा.

दादा घोरावाडी स्टेशनजवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. बिघडलेली वस्तू टाकून देणं त्याला जमायचंच नाही. निवृत्तीनंतर त्याला लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या फुकट प्रणालीचं, वेड लागलं. माझा लॅपटॉप रडतखडत चालायचा, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तो लोणावळ्याला माझ्याकडे आला, दुपारभर मान खाली घालून बसला आणि विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून मोकळा झाला. "तुझं विंडोज हाय तसंच हाय. हे दुसऱ्या बाजूला. चालू केलं की इचारंल, कुटं जायचं. तू सांगायचं." मला कुठेच जायचं नव्हतं, निकालपत्रकं भरायची होती. रोज काळ्या पडद्यावर ती दोन नावं यायची आणि मी गॅस बारीक करून येईपर्यंत यंत्र आपणहून लिनक्समध्ये शिरलेलं असायचं. परत बंद, परत चालू. त्यात विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडू लागलं. शाळेची माहिती भरायच्या शेवटच्या दिवशी वेबसाइट उघडेना, म्हणे तुमची वेळ चुकीची आहे. फोनवर मी दादाला वाट्टेल ते बोलले. "एका ओळीचं काम हाय गं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने आला, खरंच एक ओळ लिहिली आणि घड्याळ ताळ्यावर आलं. मी त्याला चहाही विचारला नाही. चपला घालताना म्हणाला, "तिकडं तुझ्यासाठी कायतरी ठेवलंय. माझ्या लॅपटॉपात जागा न्हाई राह्यली. सवडीनं बघ." मी "बघते" म्हणाले.

बघितलं नाही. मार्चमध्ये पुन्हा कामाची घाई होती आणि पुन्हा तो काळा पडदा. लॅपटॉप उचलला आणि बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. म्हटलं, ते दुसरं काढून टाका. दुकानदाराने विचारलं होतं, हे कबूल करायला हवं. "मॅडम, तिकडचं काही ठेवायचंय का?" मी म्हणाले, "त्यात काही नाही."

पुढच्याच रविवारी दादाचा फोन. "चालतंय ना गं, सुमी?"

"मस्त चालतंय."

"तिकडचं बघितलंस?"

"हो, बघितलं. छान आहे."

तो मग "बरं..." म्हणाला आणि फोन ठेवला. आमचं ते शेवटचं बोलणं.

दादाच्या मागे पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दिवशी वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. "ताई, आईंचं बोलणं ऐकलं का वो तुमी? ह्यांनी तुमाला दिलेलं." आई जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या वर्षी दादा रोज दुपारी तिला बोलतं करायचा आणि फोनवर रेकॉर्ड करायचा, हे मला माहीत होतं. तो फोन पुढे पाण्यात पडून गेला. ते त्याने आधीच आपल्या लॅपटॉपात उतरवून ठेवलेलं; तिथे जागा उरली नाही, तेव्हा त्याने ते सगळं माझ्याकडे हलवलं होतं... दुसऱ्या बाजूला. मी त्याच दुकानात धावले. दुकानदार म्हणाला, त्या जागेवर आता तुमचंच नवीन काम लिहिलं गेलंय. पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या पुण्यातल्या माणसानेही तेच सांगितलं. म्हणजे आईच्या आवाजावर मी सहावीची हजेरीपत्रकं चढवली. आणि दादाला "छान आहे" म्हणाले. आईचं बोलणं ऐकून बहिणीला एवढंच वाटलं, असं समजून तो गेला असेल का? की मी खोटं बोलतेय हे त्याला कळलं होतं? यातलं कुठलं बरं, तेही मला ठरवता येत नाही.

मागच्या रविवारी कार्ल्याला गेले. वहिनींनी दादाचा लॅपटॉप पुढे केला. तोही दोन नावं दाखवणारा. या वेळी मी जागची हलले नाही. लिनक्स निवडलं. आत आवाज नव्हते, पण एक फाइल होती. ऐकत ऐकत दादाने आईचं बोलणं टाइप करून ठेवलं होतं, ती बोलायची तसंच, काना-मात्रा न सुधारता. मी मोठ्याने वाचू लागले. चिखलात भाताची रोपं लावताना तिला साप दिसला ते. वस्तीवरच्या बायकांना घेऊन तिने विहारात सही करायला शिकवलं ते. मग हे आलं: "मिलिंद आपला गरीब. पर सुमी लय हट्टी. पुरतं ऐकूनच घेत न्हाई कुणाचं. (हितं आई हसली.)"

मी तिथेच थांबले. आईचा चेहरा समोर होता, हात समोर होते, हसणं काही केल्या ऐकू येईना. वहिनींना विचारलं, "वहिनी, आई कशी हसायची हो?"

वहिनींनी पदर तोंडाशी नेला, मान मागे टाकली, हसायला गेल्या आणि मध्येच थांबल्या.

"न्हाई जमत वो ताई," त्या म्हणाल्या.