डाव्या कडेची पट्टी

लग्नाआधी दोन वर्षं मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात व्हिडिओ गेम खेळण्याचा पगार घेत होते. एवढंच सांगितलं की आताची मुलं माझ्याकडे आदराने बघतात, म्हणून मी सहसा पुढचं सांगत नाही. पुढचं असं, की तिथे टीव्हीवरच्या खेळांच्या कॅसेट बनायच्या. प्रत्येक कॅसेट मिनिटभरच खेळायची, चालते का बघायची आणि हिरवी नाहीतर लाल खूण करून सरकवायची. लाल म्हणजे रिजेक्ट. हातात लाल पेन आलं आणि ती एकवीस वर्षांची काडीपैलवान पोरगी स्वतःला हायकोर्टाची जज्ज समजायला लागली. काय ती मान वळवणं, काय ती ऐट!

समोरच्या टेबलावर वाकोल्याची एक मुलगी सोल्डरिंग करायची, म्हणजे कॅसेटच्या आतल्या तारा डाग देऊन जोडायची. माझी मैत्रीण, डबा आम्ही वाटून खायचो. एका छत्रीवाल्या माणसाच्या खेळाचा सगळा लॉट तिच्याच हातून यायचा. आणि त्याच खेळात, माणूस पळायला लागला की चित्राच्या डाव्या कडेला भलत्याच रंगाची बारीक पट्टी थरथरायची. दुसऱ्या कुठल्याच खेळात नाही. मग काय, लाल, लाल, लाल. डाग देताना हिचा हात हलतो, असा मी निकालच देऊन टाकला.

"अगं, माझा हात नाही हलत," ती म्हणाली. "खेळच तसाय."

"खेळाला काय कापरं भरलंय?" मी म्हणाले आणि सगळा गाळा हसला. स्वतःचा विनोद मला इतका आवडला की मी तो शेठलाही ऐकवला. दुसऱ्या दिवशी शेठने तिला पॅकिंगला बसवलं.

ती महिनाभर बोलली नाही, मग बोलायला लागली. दोघींची लग्नं झाली, पोरं झाली, अजूनही आठवड्याला फोन असतो. विषय निघाला की ती म्हणायची, "खेळच तसा होता." मी म्हणायचे, "हो गं बाई, हो." लहान मुलाला म्हणावं तसं.

गेल्या वर्षापासून मात्र तिचा हात खरंच कापतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "तूच खरी असशील गं. तेव्हापासूनच कापत असेल, मला कळलं नसेल." इतक्या वर्षांनी मी भांडण जिंकले आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मला मुलुंडच्या घरात एका जागी बसवून ठेवायला सुनेने लॅपटॉपवर एम्युलेटर घालून दिला. म्हणजे जुन्या खेळाच्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. त्यात छत्रीवाला पण होता! चित्र अगदी स्वच्छ. पट्टी-बिट्टी काही नाही. बघ, मी मनात म्हटलं, चांगली कॅसेट असली की अशी दिसते.

"आई, खेळा खुशाल, पण सेटिंगला हात लावू नका हां. वाट लागेल."

"लागू दे. लागली की तू आहेस ना."

हात लावू नका म्हटल्यावर बाई कुठे थांबते? मी एकेक चौकट उघडून बघायला लागले. एक बटण दाबलं तर छत्रीवाला आडवा पसरून माझ्या मोठ्या दिरांसारखा दिसायला लागला. दुसऱ्याने चित्रावर जुन्या टीव्हीसारख्या बारीक रेषा आल्या, तिसऱ्याने सगळं लोण्यासारखं गुळगुळीत झालं. मग एक ओळ दिसली: चित्राच्या कडा कापा. तिच्यापुढे आधीपासूनच बरोबरची खूण होती. मी ती काढली. छत्रीवाला पळवला.

डाव्या कडेला पट्टी थरथरत होती.

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सून पोळी तव्यावर टाकून धावत आली. "पडलात का?"

"पट्टी! यात सोल्डरिंग कुठाय गं?"

"सोल्डरिंग? आई, ही नुसती फाइल आहे."

फाइल. म्हणजे कॅसेट नाही, तार नाही, वाकोला नाही. सुनेने गॅस बंद करून शोधाशोध केली आणि मला समजावलं. माणूस पुढे पळतो, तेव्हा मशीन मागे गेलेल्या देखाव्याच्या जागेवरच पुढचा देखावा रंगवून घेतं. काही खेळांत रंग जरा लवकर सांडतो, त्याची ती पट्टी. घरच्या टीव्हीत चित्राची कड चौकटीमागे लपायची, म्हणून कुणाला दिसायचीच नाही.

आणि आमच्या गाळ्यातल्या टीव्हीचं चित्र मेकॅनिकने चारी बाजूंनी आखडून ठेवलेलं होतं. टेस्टिंगला सगळं दिसावं म्हणून! दिसत सगळं होतं. बघणारी तेवढी शहाणी होती.

मी ती खूण वीसेक वेळा काढली-घातली. दुसरे खेळ लावून पाहिले, त्यांत पट्टी नाही. हे एवढं मी तेव्हा केलं असतं, एकच कॅसेट कुणाच्या घरच्या टीव्हीला लावून बघितली असती, तर? पण जज्जबाईंना वेळ कुठला!

मी फोन लावला. "तुझा हात तेव्हा कापत नव्हता. खेळच तसा आहे."

"हे मी तुला किती वर्षं सांगतेय?"

"हो."

"मग तू आज काय नवीन शोध लावलास, भवाने?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हिडिओ कॉल कर. मला बघू दे."

मी फोन लॅपटॉपसमोर धरला. तिच्याकडचा फोन हलत होता, त्यामुळे मला मधेच तिचं कपाळ दिसायचं, मधेच पंखा. पण आवाज पक्का होता. "पळव. थांब. परत पळव. आता दुसरा खेळ लाव. हं, यात नाही. परत तो लाव." माझ्यापेक्षा कितीतरी नीट तपासत होती ती.

"म्हणजे हे म्हातारपणाचंच आहे," शेवटी म्हणाली. "तेव्हाचं नाही."

"नाही गं. तेव्हाचं नाही."

"अहो!" तिने आतल्या खोलीकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली. "इकडे या. सुनेला पण बोलवा. हिने माझं काय केलं होतं ते बघा."

मग मी छत्रीवाल्याला पुन्हा पहिल्यापासून पळवायला घेतलं.