साहेबांपर्यंत न पोचलेलं वाक्य

इंग्लंडात लीड्सच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, शिक्षण खात्यात, माझे साहेब आयरिश होते. गेल्या हिवाळ्यात ते वारले. आमच्या मराठी लोकांत त्यांच्याबद्दल एक गोष्ट चुकीची सांगितली जाते. खरं काय ते मी तोंडाने सांगितलं आहे, आता लिहूनही ठेवतो.

साहेब आयर्लंडच्या पश्चिमेकडचे, बस ड्रायव्हरचे चिरंजीव. आधी शाळेत गणित शिकवलं, मग कौन्सिलमध्ये आले. कोणत्या मुलाला शाळेत जादा मदत द्यायची हे ते ठरवत, पण ऑफिसात बसून नाही. मुलाच्या घरी जायचं, स्वयंपाकघरात बसायचं, समोर येईल ते खायचं. शिऱ्यावर त्यांचा विशेष जीव. रविवारी चर्चमधून बाहेर पडले की आयरिश बायका त्यांना फुटपाथवरच गाठत आणि पोरांची गाऱ्हाणी सांगत. साहेब पावसात भिजत ऐकत राहत.

मराठी घरांत मी त्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून जाई. गाडीत ते मला चिडवत, "तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. मला त्याचीच भीती वाटते. आई बोलेल तेवढंच सांग, त्याला इस्त्री करू नकोस."

एकदा आम्ही एका मराठी डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी नुकतीच शाळेत जाऊ लागली होती आणि वर्गात गप्प बसून राहायची. तिची आई म्हणाली, "पाठीमागून हाक मारली ना, तर वळतच नाही हो ही."

डॉक्टर घाईघाईने मराठीत मला म्हणाले, "अहो, हे नका सांगू. वेगळ्या शाळेत टाकतील हिला. मंडळात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

मला ते पटलं. आपली माणसं, आपली अब्रू, आणि समोर परका. मी साहेबांना सांगितलं, "आई म्हणते, मुलगी लाजाळू आहे."

साहेबांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "एवढंच? वाक्य लांब होतं."

"मराठीत ते लांबच होतं," मी म्हणालो. ते हसले आणि शिरा खाऊ लागले.

मुलीला मदत मिळाली नाही. ती वर्गात मागे बसत राहिली, मागे पडत राहिली. कानांची तपासणी होऊन यंत्रं बसली तोवर बराच काळ गेला होता. कौन्सिलने चौकशी केली. "त्या घरी मी गेलो होतो, निर्णय माझा," एवढंच साहेब म्हणाले. त्यांची बढती हुकली. मला त्यांनी एकदाच, लिफ्टमध्ये, विचारलं, "तिची आई खरं काय म्हणाली होती?" मी सांगितलं. दार उघडलं, ते बाहेर पडले. मग म्हणाले, "उद्या आणखी एका घरी जायचंय. तिथे खोकलासुद्धा भाषांतर करून सांग."

ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्याबरोबर हिंडलो. पण बाहेर कुणालाच काही सांगितलं नाही.

परवा मंडळाच्या संक्रांतीला ती मुलगी भेटली. आता केंब्रिजला संशोधन करते. मला म्हणाली, "काका, तो आयरिश ऑफिसर वारला म्हणे? त्यानेच मला शाय ठरवलं. नेव्हर लिसन्ड." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. तिची म्हातारी आई शेजारीच बसली होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी तिळगुळाची वाटी खाली ठेवली. माझे ओठ त्या मुलीला नीट दिसतील असा समोर उभा राहिलो. तिच्या आईचं वाक्य आधी मराठीत म्हटलं, मग इंग्रजीत. त्या दिवशी मी काय सांगितलं होतं, तेही सांगितलं. तिच्या वडिलांचं नाव पुढे करायचा मोह झाला. तो मी आवरला. जीभ माझी होती.

तिने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे त्याने विचारलं होतं?"

"विचारलं होतं. वाक्य लांब होतं म्हणाले."

"काका," ती म्हणाली, "परत सांगा. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी हॉलकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.